प्रश्न क्रमांक अकरा

नोटीस बोर्डावर पिनेला लटकलेला कागद:
किशोरवयीन खेळाडू, डोक्याला मार, बरं व्हायला लागणारा काळ.
संशोधन विद्यार्थी हवेत. जागा दोन.
विद्यावेतन मंजुरीच्या वाटेवर, प्रवासखर्च ज्याचा त्याने.
बऱ्हाटे सर म्हणाले, विचार करून ये.
दुसरा अर्ज आलाच नाही.

आता दर गुरुवारी जळगावहून पॅसेंजर,
धरणगावला उतरायचं.
पिशवीत स्टॉपवॉच, फोमची जाड गादी
(टीसीने विचारलं, बाई, विकायला का?)
आणि बावीस प्रश्नांचा तक्ता,
प्रत्येकापुढे शून्य ते सहा.

कामिनी महाजन, नववी ब, चढाईची पोरगी.
कार्तिकात एरंडोलच्या मैदानावर
बोनस घ्यायला पाय टाकला
आणि कुणाचा तरी गुडघा बसला कानशिलावर.
उठली. माती झटकली.
पुढच्या चढाईत दम न सोडता
वळली आणि आपल्याच पोरींना शिवत सुटली.
मैदान हसलं. तीही हसली म्हणे.
तिला यातलं काही आठवत नाही,
हसणं तेवढं लोकांनी सांगितलंय.

डोकं दुखतं? शून्य.
मळमळतं? शून्य.
उजेड सोसत नाही, असं होतं?
दाराकडे पाठ करून बसलेली कामिनी म्हणते, शून्य.
रविवारी जिल्ह्याची निवड आहे.
मला कळतं ही शून्यं कुठे पिकतात.
मी मुकाट लिहिते. नियम आहे:
उत्तर त्यांचं, पेन आपलं.

प्रश्न क्रमांक अकरा.
धुक्यात असल्यासारखं वाटतं का?
ती पहिल्यांदा मान वर करते.
धुकं म्हणजे टीव्हीत दाखवतात ते?
मी सांगायला जाते, पांढरं, दाट, पलीकडचं दिसत नाही...
तर मला मध्येच तोडून,
"जिनमा रुई उडस ना ताई, तसं शे डोकामा."
आणि जीभ चावते.
तिची आई जिनिंगवर जाते. संध्याकाळी
पापण्यांवर रुई घेऊन घरी येते.

किती? शून्य ते सहा?
चार.
नही. पाच.

मग मी तिला गादीवर उभं केलं,
एका पायावर, डोळे मिटून.
ज्या पायांना सात जणी धरू शकत नव्हत्या
ते स्वतःलाच सापडेनात.
मग महिने उलटे म्हण म्हटलं.
मला डिसेंबर, नोव्हेंबर अपेक्षित होते,
तिने फाल्गुन, माघ, पौष काढले,
मार्गशीर्ष,
मार्गशीर्ष,
मार्गशीर्ष.
बाहेर बकरी खुंट्याभोवती फिरत होती.
तक्त्यात मराठी महिन्यांना रकाना नाही.

आई म्हणाली, शाळेत म्हणतात पोर नाटकं करते,
एक टाकासुद्धा नाही पडला, मग दुखतं काय?
तुम्ही लिहून द्या काहीतरी, शिक्क्याचं.
शिक्का माझ्याकडे नाही. सरांकडे आहे.
मी सरांना फोन लावला, रेंज येईपर्यंत गच्चीवर चढून.

नैतिक समितीला पत्र गेलं:
प्रश्न अकरामध्ये 'धुकं' ऐवजी 'रुई' चालेल का.
उत्तर आलं: भाषांतर परत उलटं करून तपासलं असता
'डोक्यात कापूस आहे का' असा अर्थ निघतो,
सबब नामंजूर.
मी पेन्सिलीने समासात लिहिते.
पेन्सिलीला मंजुरी लागत नाही.

त्या रविवारी ती खेळली नाही.
गुणफलकाच्या टेबलावर बसवली, वही दिली.
पहिल्या डावात दोन गुण भलत्या संघाला लिहिले,
मग बोट ठेवून ठेवून लिहू लागली.
मी तिच्या मागे उभी, माझीही वही उघडी.

सहावा गुरुवार. दाराकडे तोंड करून बसलीये.
प्रश्न अकरा मी विचारायच्या आतच,
"रुई गयी ताई. आते सरकी उरनी."
कुठे?
कानशिलाच्या आत एक जागा दाखवते,
दाबून बघते, अजून आहे का.

सरकीला किती द्यायचे, शून्य ते सहात?
पॅसेंजर पाळधीला क्रॉसिंगला थांबलीये.
पेन्सिलीचं टोक तुटलंय.